येसराची पातळ आमटी

शेरभर, म्हणजे सोळा छटाक, तुरीच्या डाळीला अक्का तीन छटाक तेल, तीन छटाक सुकं खोबरं, दोन छटाक तीळ, दोन छटाक शेंगदाणे आणि दीड छटाक येसर घाली. हे आकडे मला माहीत आहेत, कारण मी ते तोलून घेतले. तिला ते माहीत नव्हते. ती मुठीनं आणि पळीनं घाली, आणि दर वेळी आमटी तीच होई.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणे. आमच्याकडं थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. पण कागदावर ‘त्या’ लिहिलं की ती लांबची कुणी वाटते, म्हणून इथं ‘ती’ लिहितो. आई गेली तेव्हा मी लहान होतो. अक्का नवरा वारल्यावर लोहाऱ्याकडच्या सासरहून परत आली ती कायमची. मला तिनं वाढवलं, माझं लग्न तिनं जमवलं, आणि माझी बायको घरात आल्यावरही घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. बायकोनं त्या कधी मागितल्या नाहीत. मागाव्यात असं तिला वाटलंही नसावं.

आमचं गाव अणदूरच्या अलीकडं, सडकेपासून आत. पुढं किराणा दुकान, मागं घर, मध्ये मोठं अंगण. आळीत सगळी लिंगायतांची घरं. बोलणं मराठी, पण म्हाताऱ्या बायका भांडायला आणि लाडाला कानडी वापरत.

येसर हा आमच्या भागातला आमटीचा मसाला. गहू, हरभऱ्याची डाळ, थोडी बाजरी, धने, जिरं, लाल मिरची हे वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. त्यानं आमटी दाट होते आणि तिला भाजल्या धान्याचा वास येतो. लग्नसराईच्या आधी, फाल्गुनात, आळीतल्या सगळ्या घरांचा येसर एकाच दिवशी आमच्या अंगणात होई. दाणा ज्याचा त्याचा, भाजणारी मात्र एकच, अक्का; ती विधवा म्हणून आमच्या आळीत कुणी हरकत घेत नसे. दळून झालं की त्याच ताज्या येसराची आमटी करायची आणि बायकांनी अंगणात एका ओळीत बसून जेवायचं. भाकरी, आमटी, कांदा, शेवटी थोडा भात. त्याला निमंत्रण लागत नसे की मुहूर्त. रीत एवढीच होती की जिनं येसर भाजला तिनं आमटीत भाकरी बुडवून पहिला घास घ्यायचा. तोवर कुणी पानाला हात लावत नसे. भाजणारीनंच खाल्ला नाही तर तो येसर लग्नघरात कोण नेणार?

मी सांगतो ते दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतलं. निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं. रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, आणि शेतकऱ्याच्या घरातलं धान्य सरकार लेव्हीत मोजून नेत होतं. किराणा दुकानात मांडण्या रिकाम्या पडू लागल्या होत्या. माझ्याही पडल्या होत्या, पण घरात खायला कमी नव्हतं. हे इथं सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे.

त्या दिवाळीपासून अक्काचे डोळे पिवळे होते. आधी गावठी औषधानं उतरेल असं वाटलं, आणि रंग थोडा उतरलाही. मग जेवण झालं की उजव्या कुशीत दुखू लागलं. नळदुर्गचे हकीम आले. म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं, आणि मला बाहेर ओट्यावर नेऊन म्हणाले, “जिगर सूज गया है. तेल, मिर्ची, खोपरा, तीळ, सब बंद. सादी गिजा देव.”

“किती दिवस?” मी विचारलं.

“मियां, परहेज के दिन नहीं गिनते,” ते म्हणाले आणि टांग्यात बसले.

मी समजलो: यकृताला सूज होती आणि हे पथ्य आता शेवटपर्यंत होतं. अक्कालाही सांगावं लागलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि चुलीवरची फोडणीची पळी बायकोच्या हातात दिली.

त्यानंतर तिचं ताट वेगळं झालं. ज्वारीच्या कण्या, पातळ ताक, उकडलेला दोडका. ती ते माजघरात भिंतीकडं तोंड करून खाई. आम्ही सगळे स्वयंपाकघरात. जेवताना ती आमच्यात बसत नसे, कारण वासानं तिला भूक लागे. हे ती बोलली नाही. बायकोच्या ध्यानात आलं, तिनं मला सांगितलं.

आळीत मात्र तिनं काही कळू दिलं नाही. कावीळ होती, गेली, एवढंच सगळ्यांना माहीत. मी एकदा म्हटलं, “अक्का, लोकांना सांगितलं तर काय बिघडतं? यंदा येसर दुसरं कुणी भाजंल.”

“आजारी बाईच्या हातचा येसर लगीनघरी कोण घेतंय?” ती म्हणाली. “औंदा न्हाय घेतला तर पुढं कधीच न्हाय. आणि पुढं हाय कुठं आप्पा?”

 मग तीच म्हणाली, “मला वेगळं वाढू नका त्या दिवशी. सगळ्यास्नी जे, तेच मला. एकदा सगळ्यांत बसून खाते. तेवढंच कर.”

एवढंच तिचं मागणं होतं. मी दुकानदार माणूस. मला सुचलं ते असं की तिच्या ताटात बदल करता येत नाही, तर अख्ख्या पातेल्यात करावा. तेल, खोबरं, तीळ जितकं कमी होईल तितकं कमी करायचं, आणि आमटी तरीही येसराची आमटी वाटली पाहिजे. सगळे तेच खातील. कुणाला काही कळणार नाही.

दुपारी दुकान बंद करून मी लहान तराजू आणि वजनं घेऊन चुलीपाशी बसलो. अक्का पाटावर. मी म्हटलं, “तुम्ही नेहमीसारखं घाला. फक्त पातेल्यात न घालता इथं पारड्यात घाला.”

तिनं मुठीत तीळ घेतले होते. पारड्याकडं पाहून तिनं मूठ मागं घेतली. “माझ्या हाताला काटा लावतोस व्हय? मापात मारते का मी?”

“तुमच्या हाताचं माप काढायचंय. त्याशिवाय कमी किती करायचं कसं कळणार?”

“माझ्या हाताला माप असतं तर तुझ्या बायकोला शिकवलं नसतं का?” ती म्हणाली. पण तिनं तीळ पारड्यात सोडले. दोन छटाक, वर चार दाणे. ते चार दाणे तिनं बोटानं काढून तोंडात टाकले, मग आठवण झाली तशी पदरात थुंकले. माझी बायको दुसरीकडं पाहू लागली.

असे ते सुरुवातीला दिलेले आकडे मिळाले. मग उलटा हिशोब सुरू झाला. तेल तीन छटाकांवरून अर्ध्या छटाकावर आणायचं, नुसत्या फोडणीपुरतं. शेंगदाणे नाहीत. तीळ नाहीत. मग दाटपणा कशानं येणार? मी म्हटलं, येसर दुप्पट करू. दीडचा तीन छटाक. तसं केलं. पहिली आमटी पळीतून पडेना.

अक्कानं पळी तिरकी धरली आणि वाट पाहिली. “आप्पा, ही आमटी न्हाय, खळ हाय. साळ्याकडं नेऊन दे, सुताला लावंल.”

बायको हसली. अक्काही हसली. कित्येक दिवसांनी त्या चुलीपाशी कुणी हसलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच वाट काढली. येसर अडीच छटाकच घ्यायचा, पण कोरडा पुन्हा एकदा मंद आचेवर परतून आधी गार पाण्यात कालवायचा. मग त्याला पिठाचा वास राहत नाही. डाळ शिजली की रवीनं घुसळायची, मलईसारखी होईपर्यंत. मिरची ब्याडगी, बिया झाडून, रंगापुरती. आणि खोबरं? खोबऱ्याचा एक मोठा तुकडा इंगळावर काळपट होईस्तोवर भाजायचा, आमटी उकळताना तसाच अखंड सोडायचा आणि वाढायच्या आधी काढून घ्यायचा.

“वास राहतो, तेल तुकड्याबरोबर जातं,” ती म्हणाली. “गरिबाच्या लग्नात माझी सासू असंच करायची. तोच तुकडा दुसऱ्या दिवशी पुन्हा.”

त्या दिवशीची आमटी वाटीत घेतली तेव्हा वर तेलाचा तवंग नव्हता. रंग फिका विटकरी. पण वास आमच्याच घरचा होता. अक्कानं अर्धी भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि माजघरात न जाता तिथंच चुलीपाशी बसून खाल्ली. मी तिच्यासमोर बसून तेच खाल्लं.  वाटी तिनं बोटानं निपटली.

मग आम्ही वाट पाहिली. ती पडून राहिली, मी दुकानात बसलो, पण माझं लक्ष मागं. दिवेलागणीला मी आत डोकावलो. “कसं हाय?”

तिनं कुशीवर हात ठेवला होता. “गप हाय,” ती म्हणाली. “गप पडलंय.”

मला इतका आनंद झाला की मी त्या भरात एका गिऱ्हाईकाला गूळ जास्त तोलला आणि तसाच जाऊ दिला.

एक शंका तिला होती. “वर तवंग न्हाय दिसला तर बायका बघतील.” मी म्हटलं, वाढताना वरून मिरचीचं लाल तेल सोडू आणि तुमच्या द्रोणात तळातलं घालू. तिनं मान हलवली. “एका पातेल्यातलं दोघींना दोन परीचं? मग कण्या काय वाईट हायत?” तो विषय तिथंच संपला.

दळणाचा दिवस उजाडला. अंगणात दोन जाती मांडली. बायका सुपं घेऊन आल्या. अक्का सकाळपासून भाजायला बसली होती, पाठीला भिंत, एका हातात उलथनं. डोळ्यांतला पिवळेपणा धुरात कुणाला दिसण्यासारखा नव्हता. मिरची भाजताना सगळ्यांचेच डोळे लाल. ती गव्हाला हात लावून सांगे, “उतरवा,” आणि तो बरोबर तेव्हाच उतरवायचा असे.

दुपारकडं आमटीचं मोठं पातेलं बाहेरच्या चुलीवर चढलं. सगळं माझ्या मापानं, आठ शेर डाळीच्या हिशोबानं. बायको आत भाकऱ्या थापत होती. अक्कानं येसर कालवून सोडला, खोबऱ्याचे भाजके तुकडे टाकले, आणि “हात धुऊन येते” म्हणून माजघरात जाऊन आडवी झाली. तिचा दम संपला होता. मी दुकानाच्या मागल्या दारातून अंगण पाहत होतो, पण गिऱ्हाईक होतं.

आमच्या समोरच्या घरातल्या काकू या अक्काच्या सगळ्यांत जवळच्या. उंच, आवाजानं मोठ्या, हातानंही मोठ्या. त्यांना मी पातेल्यापाशी वाकलेलं पाहिलं. त्यांनी पळीनं हातावर थेंब घेऊन चाखला आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग झपाझप आपल्या घरी गेल्या आणि पदराखाली काहीतरी घेऊन परत आल्या. मला वाटलं, मीठ कमी असेल. मीठ आमच्या दुकानात होतं, ते घरून आणायची गरज नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी धने तोलत होतो.

पंगत बसली. पत्रावळी, पळसाचे द्रोण. पाणी वाढायचं काम दर वर्षी माझं, कारण जड तांब्या-घागर उचलायला एक पुरुष लागे. बायकांच्या ओळीत एकट्या पुरुषाची थट्टाही दर वर्षीची.

“आप्पा, पाणी तरी सैल हातानं घाला. ते काय लेव्हीत जात न्हाय.”

“त्यांना विचारा, घोटाचं वजन किती.”

“बायकोला लुगडंपण तोलूनच देत असतील!”

अक्का ओळीच्या पहिल्या पानावर बसली होती. धुतलेलं लुगडं, कपाळाला विभूती. काकू पळी आणि बादली घेऊन वाढायला निघाल्या आणि पहिला द्रोण अक्काचा भरला. मी तांब्या घेऊन तिथंच होतो, आणि द्रोणात पाहिलं.

वर तेल होतं. लालसर, बोटाच्या पेरभर. त्याखाली आमटी दाट, गोरी, वाटलेल्या खोबऱ्याची आणि तिळाची. मी बादलीत पाहिलं. बादलीतही तसंच. ती माझी आमटी नव्हती. ती अक्काची जुनी आमटी होती, लग्नातल्याहून जड.

अक्कानं खाली पाहिलं. मग तिनं वर काकूंकडं पाहिलं, मग ओळीकडं. सगळ्या तिच्याकडं बघत होत्या, हात पानाबाहेर धरून, पहिल्या घासाची वाट पाहत. ओळीच्या मध्यावर मागल्या आळीतल्या मावशी बसल्या होत्या, लहानशा, नेहमी गप्प. त्यांच्याही तोंडावर काकूंसारखंच, काहीतरी चांगलं करून आल्यासारखं दिसत होतं.

मला एकच सुचलं. तांब्या हातात होता. त्यातलं पाणी द्रोणात ओतावं, चुकून सांडल्यासारखं, म्हणजे वरचं तेल उतू जाईल आणि खालचं पातळ होईल. मी वाकलो. अक्कानं द्रोणावर आडवा हात धरला.

“राहू दे आप्पा,” ती हळू म्हणाली.

पण पंगतीत द्रोणावर आडवा हात धरला की त्याचा अर्थ एकच होतो: पुरे, आणखी वाढू नका. आणि आमच्याकडं त्यावर वाढणारीचं उत्तरही एकच असतं.

“अगं बया, आत्ताच पुरे?” काकू मोठ्यानं म्हणाल्या. “घासाआधी हात आडवा! अक्का, तुमच्याच आमटीला तुमी न्हाय म्हणता?” आणि त्यांनी तिची बोटं बाजूला सारून आणखी एक पळी घातली. ओळ हसली. द्रोण काठोकाठ भरला.

अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात घातला. चावला. सगळ्यांनी ऐकावं अशा आवाजात म्हणाली, “येसर चांगला झालाय. घ्या.”

ओळीतले सगळे हात पानावर आले.

ती एका घासावर थांबेल असं मला वाटलं होतं. थांबली नाही. काकू समोर होत्या, आणि पहिल्या पानावरची बाई जेवत नाही म्हटल्यावर प्रश्न आला असता. पण खरं लिहायचं तर तेवढंच कारण नव्हतं. मी पाणी वाढत फिरत होतो आणि प्रत्येक फेरीला तिच्याकडं पाहत होतो. ती चवीनं खात होती. शेजारणीशी बोलत होती, कुणाच्या तरी जावेच्या गोष्टीला हसत होती, आणि भाकरी बुडवत होती. शेवटच्या भातावर तिनं स्वतःहून आमटी मागितली.

दुखणं संध्याकाळीच सुरू झालं. बायकांना मी सांगितलं की दिवसभर धुरात बसून थकली. दुसऱ्या दिवशी हकीम आले. मी त्यांना सगळं सांगितलं. किती द्रोण, किती तेल असेल याचा अंदाजही सांगितला. मला त्यांच्याकडून हे ऐकायचं होतं की त्या आमटीनं किती बिघडलं. ते म्हणाले, “बीमारी अपनी चाल चल रही है.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि टांग्यात बसले.

अक्का पुन्हा अंथरुणातून नीट उठली नाही. काकू आणि मावशी रोज बघायला येत. एका दुपारी काकू तिच्या पायांना तेल चोळत म्हणाल्या, “काय पण म्हणा अक्का, औंदाची आमटी अशी झाली की तसली म्या जल्मात खाल्ली न्हाय.”

“तुमच्याच हातची की,” अक्का म्हणाली.

काकूंचा हात थांबला. “म्हंजे?”

“मला नाक न्हाय व्हय?”

काकू आधी लाजल्या, मग हसायला लागल्या. “अवं, म्या चाखली तर नुसतं पाणी! म्हटलं, दुकानात माल न्हाय, आप्पांनी तेलावर हात आखडला असंल, बिचारे बोलत न्हाईत. अक्काच्या आमटीला कुणी नाव ठेवायला नगं. म्हणून घरनं वाटलेलं खोबरं आन्‌ तीळ आणून घातलं. अन्‌ एक चढती फोडणी.”

दाराशी बसलेल्या मावशी एकदम म्हणाल्या, “फोडणी तर म्या घातली.”

“कवा?”

“तुमी आत कांदा आणाया गेल्या तवा. मोठी वाटीभर. शेंगदाण्याचा कूटबी.”

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मग काकूंना असं हसू फुटलं की त्यांना पदर तोंडात धरावा लागला. “म्हंजे दोन फोडण्या! अगं बया, म्हणूनच!” मावशी हसल्या. अक्का कूस धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “बघा,” ती म्हणाली, “माझ्या भावाची अब्रू तुमी दोघींनी राखली.”

मी दारात उभा होतो. मी तोंड उघडणार होतो. काय बोलणार होतो ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. बहुधा आकडे सांगितले असते, तीन छटाक आणि अर्धा छटाक. अक्कानं हसता हसता माझ्याकडं पाहिलं. तेवढं पाहणं मला पुरे झालं. मी दुकानात गेलो.

पहिलं लग्न लागायच्या आत ती गेली. त्या वर्षी आळीतल्या सगळ्या लग्नांत तिनं भाजलेला येसर शिजला. प्रत्येक मांडवात कुणी ना कुणी मला सांगे की अक्काची शेवटची आमटी सगळ्यांत भारी होती. मी हो म्हणे.

आमच्या घरात मात्र तेव्हापासून पातळ आमटीच होते. बायकोनं ते माप धरलं. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं.

पुढं निजामाचा अंमल गेला. त्याच्या पुढच्या वर्षी समोरच्या काकूंना धाप लागू लागली. सोलापूरच्या डॉक्टरनं त्यांना तेलकट, तिखट बंद केलं. त्यांची सून नवी होती, तिला काही सुचेना. काकू सगळंच नको म्हणत. माझी बायको एक दिवस वाटीभर आमटी आणि मऊ भाकरी घेऊन गेली. मीही बरोबर गेलो, पाय दुखत होते म्हणून सावकाश मागून.

काकू खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्या मोठ्या हातांची आता नुसती हाडं उरली होती. त्यांनी भाकरी बुडवून एक घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. मग नुसती आमटी, बोट बुडवून, जिभेवर घेतली. तशीच, पळीवरचा थेंब चाखावा तशी.

“ही चव म्या एकदा घेतलीया,” त्या म्हणाल्या.

माझी बायको पाण्याचा तांब्या भरायला म्हणून आत निघून गेली.

काकू वाटीकडं बघत होत्या.  त्यांच्या तोंडावर एक एक गोष्ट जुळत होती, ती मला दिसत होती, आणि ती थांबवायला माझ्याकडं काही नव्हतं.

“आप्पा,” त्या म्हणाल्या, “त्या साली अक्काला परहेज होतं का?”

आमच्या दुकानात मी कधी खोटं माप दिलं नाही. हे मी मोठेपणानं सांगत नाही; वडिलांचा तसा दंडक होता आणि मला दुसरं काही जमतही नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर अक्का कुशीला हात लावून हसत होती.

“न्हाय काकू,” मी म्हटलं. “त्या साली दुकानात तेलच नव्हतं. तुमी ओळखलं तसंच. मला सांगायला लाज वाटली.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे हलवले नाहीत. त्यांनी खरं मानलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारण्यासारखं ते नव्हतं.

“तेलच नव्हतं,” त्या स्वतःशी म्हणाल्या. मग वाटी मांडीवर घेऊन त्यांनी भाकरी कुस्करली आणि हळूहळू सगळी आमटी संपवली. मी समोर बसून राहिलो.